पुढाऱ्यांचे हिंदी आणि आमचे मराठी

पुढारी बोलताना घसरला की लोकांना होणारा आनंद काही निराळाच असतो. केळीच्या सालीवरून घसरलेल्या माणसाला हसण्यापूर्वी आपण निदान त्याला लागले तर नाही ना, एवढे पाहतो. जीभ घसरलेल्या पुढाऱ्याच्या बाबतीत तेवढीही चौकशी कोणी करीत नाही. हसण्याचा हा हक्क लोकशाहीने आपल्याला दिला आहे आणि तो बजावण्यात कुचराई करावी असे मी मुळीच म्हणणार नाही. जो माणूस वर्षभर आपल्याला ऐकवतो, त्याची एखाद्या दिवशी बोबडी वळली तर श्रोत्यांनी हसून घ्यावे, हे न्यायाचेच आहे. माझे म्हणणे एवढेच, की आपण नेमके कशाला हसलो हे हसून झाल्यावर तरी पाहावे. कारण भाषेच्या चुकीला हसताना आपण पुष्कळदा भलत्याच माणसाला हसतो आणि ज्याला हसायचे तो बाजूने निसटून जातो.

हे मला बालाघाटात राहून विशेष जाणवते. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांत बालाघाट म्हटले की एखाद्याला मराठवाड्यातली डोंगररांग आठवेल. आमचे बालाघाट ते नव्हे. वैनगंगेच्या काठचे, धानाच्या बांध्यांनी वेढलेले, मँगनीज आणि तांब्याच्या खाणी पोटात बाळगणाऱ्या जिल्ह्याचे हे मुख्य गाव. गोंदिया इथून चाळीसेक किलोमीटर. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता, पुढे इंग्रजांच्या मध्य प्रांतात गेला आणि १८६७ साली त्याचा जिल्हा झाला. स्वातंत्र्यानंतरच्या जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि १९५० च्या कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही तिथल्या राजभाषा ठरल्या होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही होतो तिथेच राहिलो. आदल्या रात्रीपर्यंत नागपूरकडे तोंड करून बसलेल्या माणसाला सकाळी भोपाळकडे वळून बसावे लागले, एवढेच झाले.

तुमच्या शहरांत मराठी आली ती सरदार-दरकदारांबरोबर, वाड्यांतून आणि देवळांतून. आमच्याकडे ती कारकून, वकील आणि शाळामास्तर यांच्याबरोबर आली, आणि काही अंशी जमिनीतूनच उगवलेली होती. इथल्या पोवार समाजाची पोवारी बोली कधी ऐकावी. हिंदी समजून ऐकणाऱ्याला ती मराठी वाटते आणि मराठी समजून ऐकणाऱ्याला हिंदी. वर बैहरच्या बाजूला चढून गेले की गोंडी सुरू होते आणि तिच्यापुढे आम्ही दोघेही मुके.

अशा सरहद्दीवर राहणाऱ्याला एक शिक्षण आपोआप मिळते. 'शिक्षण' म्हटले मी, 'शिक्षा' म्हटले असते तर हिंदी शेजाऱ्याला तेच समजले असते आणि पुण्याहून आलेल्या पाहुण्याने मात्र काळजीने विचारले असते, "काय गुन्हा केलात?" शिक्षामंत्री हा शब्द पहिल्यांदा ऐकणारी मराठी पोरे अजूनही दचकतात. हिंदीत 'यातायात' रस्त्यावर असते, मराठीत ती जिवाला होते. हिंदी माणूस व्यस्त असला म्हणजे कामात असतो, मराठीत व्यस्त असते ते प्रमाण. दोन्ही भाषांनी संस्कृत आणि फारसी या एकाच कोठारांतून माल उचलला, पण घरी नेऊन वेगवेगळ्या बरण्यांत भरला. वरची चिठ्ठी तीच, आतला जिन्नस निराळा.

याचा सर्वांत रंगतदार प्रकार एप्रिल २०२१ मध्ये झाला. करोनाची दुसरी लाट चढत होती. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी आवाहन केले आणि ११ ते १४ एप्रिल असा देशभर 'टीका उत्सव' साजरा झाला. हिंदीत टीका म्हणजे लस. मराठीत टीका म्हणजे काय, हे वर्तमानपत्राच्या वाचकाला सांगावयास नको. सरकारने आपण होऊन चार दिवस टीकेचा उत्सव भरवावा, ही कल्पनाच मराठी माणसाला इतकी सुखाची वाटली की त्या भयाण दिवसांतही घराघरांत हसू फुटले. आणि गंमत अशी, की मराठी अर्थानेही तारखा चुकलेल्या नव्हत्या. ११ एप्रिल ही जोतीराव फुल्यांची जयंती आणि १४ एप्रिल बाबासाहेब आंबेडकरांची. यांच्याइतकी सडेतोड टीका महाराष्ट्रात दुसऱ्या कोणी केली आहे? बाबासाहेबांना आपण 'घटनेचे शिल्पकार' म्हणतो. ते एखाद्या हिंदी श्रोत्यासमोर म्हणून पाहावे. कोणत्या घटनेचे, असे तो विचारल्यावाचून राहणार नाही, कारण त्याच्याकडे घटना ही घडते, ती लिहिली जात नाही.

पण सगळ्यांत धोक्याची जोडी मला वाटते ती गर्व आणि अभिमान यांची. मराठीत अभिमान हा सद्गुण आणि गर्व हा दुर्गुण. गर्वाचे घर खाली होते, हे आपण आजीच्या मांडीवर शिकलो. हिंदीत नेमके उलटे. तिथे गर्व छाती फुगवून सांगायचा असतो आणि अभिमान झाला की माणूस बिघडला म्हणतात. आता एखादा मराठी पुढारी हिंदी सभेत उभा राहून मनापासून म्हणाला, की आपल्याला आपल्या प्रांताचा अभिमान आहे, तर समोरच्यांना तो स्वतःच्या तोंडाने आपली घमेंड कबूल करताना दिसतो. आणि हिंदी पुढाऱ्याने मराठी मुलखात येऊन गर्वाच्या गोष्टी केल्या की आम्ही मनात म्हणतो, आहेच बाबा तुला तो. दोघेही एकच बोलले. कोणीच चुकलेले नाही आणि दोघांबद्दलही गैरसमज झाला. दोन प्रांतांमधल्या कितीएक कुरबुरी अशा बरण्यांच्या अदलाबदलीतून झाल्या असतील!

आता 'राजीनामा' घ्या. बालाघाटच्या कचेरीत हा शब्द सदोदित कानांवर पडतो. पण तिथे कोणी नोकरी सोडीत नसते. भांडणारे दोन पक्ष आपसांत समेट करतात आणि तसा कागद कोर्टात देतात, तो राजीनामा. दोघे राजी झाले, त्याचा नामा. शब्दाच्या मुळाशी हेच प्रामाणिक आहे. मराठीत मात्र जो बहुधा मनातून राजी नसतो, त्याच्याकडूनच राजीनामा घेतात.

१ डिसेंबर २००८ रोजी महाराष्ट्राचे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी दिला तो या मराठी अर्थाचा. त्याची कहाणी वाचकांना आठवत असेलच, तरी उजळणी करतो. कारण पुढाऱ्याच्या एका वाक्याची इतकी किंमत मराठी माणसाने दुसऱ्यांदा मोजलेली मला ठाऊक नाही. २६ नोव्हेंबरच्या रात्री मुंबईवर हल्ला झाला. तो निपटायला २९ तारखेची सकाळ उजाडली. १६६ माणसे गेली. त्याच दिवसांत पत्रकारांनी गृहमंत्र्यांना पोलिसांच्या अपयशाबद्दल विचारले आणि त्यांनी हिंदीत उत्तर दिले. मोठमोठ्या शहरांत असे एखाद-दुसरे लहान 'हादसे' होत असतात, अशा अर्थाचे ते उत्तर होते. ते ऐकताच देशभर दोन गोष्टी एकदम झाल्या. लोक संतापले आणि लोकांना एक सिनेमा आठवला. १९९५ च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' या चित्रपटातल्या एका लाडिक संवादाशी त्या वाक्याची चाल हुबेहूब जुळत होती. तो चित्रपट तेव्हा तेरा वर्षे मुंबईत एकाच थिएटरात चालू होता, आणि त्या थिएटराचे नाव मराठा मंदिर! दैवाला विनोदबुद्धी असते, पण ती कधी दाखवावी याचे भान नसते.

आमच्याकडे चहाच्या टपरीवर त्या वेळी पाटलांच्या बाजूने एक समर्थन ऐकू येई. बिचारा तासगावकडच्या अंजनी गावचा, गरिबीतून वर आलेला माणूस. त्याला हिंदी कुठले यायला? मनात असेल एक आणि तोंडातून गेले दुसरे. मराठी माणसाने हिंदीत उत्तर दिले हीच चूक, असेही काही म्हणत. दुसऱ्या बाजूचे लोक नुसतेच हसत. हिंदी हे मराठी पुढाऱ्याचे काम नव्हे, असा त्या हसण्याचा सूर असे. मला यांतले काहीच पटले नाही. तेच वाक्य त्यांनी शुद्ध साजूक मराठीत उच्चारले असते, तर ते एका कणानेही बरे झाले नसते. जिथे माणसांचे रक्त अजून वाळलेले नाही तिथे 'असे चालायचेच' हा भाव कोणत्याही भाषेत चालत नाही. व्याकरण या प्रकरणात निर्दोष होते. लिंग, वचन, क्रियापद सारे जागच्या जागी. म्हणून ती भाषेची चूक होती, हे मी मानीत नाही.

तरीही भाषेचा त्यात काहीच हात नव्हता, असेही मी म्हणणार नाही. परक्या भाषेत बोलणाऱ्याची खरी अडचण अशी की त्याच्याजवळ त्या भाषेतली तयार वाक्ये पुष्कळ असतात आणि सुटे शब्द थोडे. आपल्या भाषेत माणूस शब्द निवडतो. उसन्या भाषेत शब्दच त्याला निवडतात. मराठी मुलखातल्या बहुतेकांचे हिंदी चित्रपटगृहात शिकलेले असते. प्रेमचंदांच्या कथा वाचून किंवा बनारसच्या घाटावर राहून कोणी ते शिकलेला नसतो. त्यामुळे प्रसंग ओढवला की आतून शब्द यायचा तो पडद्यावरचा येतो. 'हादसा' हाच शब्द पाहा. हिंदीत त्याचा अर्थ अपघात, अकल्पित आपत्ती. कोणी मुद्दाम येऊन गोळ्या घातल्या तर त्याला हमला म्हणतात. 'हल्ला' हा शब्द तर मराठीतही आहे आणि तो पाटलांच्या जिभेवर जन्मापासून होता. पण हिंदी बोलायचे म्हटल्यावर मराठी माणूस आपला चांगला शब्द घरी ठेवून बाहेरचा भरजरी शब्द अंगावर घालतो आणि मग तो नेमका मयताच्या घरी घालून जातो.

यापुढचे मात्र लोकांच्या पदरात घालावयास हवे. ते वाक्य बघता बघता म्हण झाली. रस्त्यावर खड्डा पडला, वीज गेली, क्रिकेटचा संघ हरला, की लोक एकमेकांना तेच ऐकवून हसत. पाटलांनी ग्रामीण विकासमंत्री असताना २००० साली संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले होते, गावेच्या गावे झाडून निघाली होती. २००५ साली डान्सबार बंद करण्याचा निर्णय त्यांनी रेटून नेला होता. तो निर्णय बरा की वाईट हा वाद निराळा, पण ती कामे होती. म्हणीने ती सारी पुसली. बरे, त्या बदल्यात जनतेला काय मिळाले? पोलिसांच्या तयारीची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या राम प्रधान समितीचा अहवाल २००९ मध्ये आला. म्हण ज्यांना पाठ होती त्यांतल्या कितीजणांनी तो अहवाल चाळला असेल? त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात निवडणुकीनंतर पाटील पुन्हा गृहमंत्री झाले. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी ते वारले. म्हणजे गृहखाते जिथे होते तिथे, गृहमंत्रीही फिरून तिथेच, आणि लोकांच्या हाती एक विनोद. हिंदी अर्थाने म्हणाल तर तो राजीनामाच झाला.

हसण्याची दिशा चुकते म्हणतो ती अशी. इथे हसू नव्हे, जाब हवा होता. उलट कधी कौतुक हवे असते तिथे आपण हसू देऊन मोकळे होतो.

१५ ऑगस्ट १९९६ ला लाल किल्ल्यावरून एच. डी. देवेगौडा यांनी हिंदीत भाषण वाचले. त्यांना पंतप्रधान होऊन पुरते अडीच महिनेच झाले होते. हिंदी येत नव्हते. भाषण कन्नड लिपीत लिहून घेतले आणि एकेक अक्षर जुळवीत ते वाचले. उत्तरेत त्यांच्या उच्चारांच्या नकला झाल्या. मला त्या वेळीही वाटले होते आणि आज जास्तच वाटते, की हासन जिल्ह्यातला तो शेतकरी गडी साठी उलटल्यावर, सगळा देश ऐकत असताना, न येणाऱ्या भाषेत उभा राहिला, याला छाती लागते. नकला करणाऱ्यांपैकी एकाला तरी कन्नडमध्ये पाणी मागता आले असते काय? दक्षिणेत जाऊन मोडक्या कन्नडमध्ये किंवा तमिळमध्ये संपूर्ण भाषण वाचणारा उत्तरेचा नेता दाखवा, आणि मग हसा.

ही खोड आपलीच आहे असेही नाही. २६ जून १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी पश्चिम बर्लिनमध्ये बोलले. शहराच्या मधून भिंत घातल्याला दोन वर्षे होत आली होती आणि माणसे धास्तावलेली होती. आपणही एक बर्लिनकरच आहोत, अशा अर्थाचे छोटेसे जर्मन वाक्य केनेडींनी म्हटले. उच्चार चुकू नये म्हणून कागदावर आपल्या इंग्रजी कानाला लागेल तसे लिहून ठेवले होते. अफाट जमाव गहिवरून ओरडला. पाच महिन्यांच्या आत त्यांचा खून झाला. पुढे वीसेक वर्षांनी एक विनोद निघाला, की अध्यक्षांनी एक उपपद जास्त घातले आणि त्यामुळे वाक्याचा अर्थ 'मी जॅम भरलेली गोड पुरी आहे' असा झाला. कारण 'बर्लिनर' नावाचे तसे एक पक्वान्न जर्मनीत मिळते. हा विनोद जगभर गेला. शहाण्यासुरत्या लोकांनी तो लेखांत छापला. वास्तविक वाक्य बरोबर होते. ते उपपद तिथे घालणेच योग्य, असे जर्मन जाणकारांनी सांगितले. शिवाय खुद्द बर्लिनमध्ये त्या पक्वान्नाला बर्लिनर म्हणतच नाहीत, त्याचे तिथले नाव निराळे आहे. पण कोण ऐकतो! ज्यांच्यासाठी ते वाक्य होते त्यांनी डोळे पुसले आणि ज्यांना जर्मनचे अक्षरही येत नाही ते अजून हसताहेत.

आमच्या जुन्या मध्य प्रदेशानेही असा एक बळी घेतला आहे. डॉ. रघुवीर नागपुरास राहून राज्यकारभारासाठी संस्कृतातून हजारो हिंदी शब्द घडवीत होते. ते घटना समितीचे सभासद होते, पुढे राज्यसभेत गेले, १९६३ साली अपघातात वारले तेव्हा जनसंघाचे अध्यक्ष होते. एवढ्या मोठ्या उद्योगातून लोकांनी काय उचलले? आगगाडीला लोहपथगामिनी. हा शब्द आणि असे आणखी पाचपन्नास शब्द त्यांच्या नावावर बेधडक सांगतात, आणि सांगणाऱ्याने त्यांचा कोश उघडलेला नसतो.

मग हसावे तरी कशाला, असे वाचक विचारतील. हसण्याजोगी एक गोष्ट सांगतो. २६ फेब्रुवारी २०१८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाचे अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू झाले. राज्यपाल विद्यासागर राव यांचे अभिभाषण इंग्रजीत होते आणि त्याचा मराठी अनुवाद सदस्यांच्या कानांत एकाच वेळी पोचायचा होता. कानाला यंत्र लावून सगळे बसले, आणि मराठी येईना. गुजराती ऐकू येत असल्याची तक्रार काही सदस्यांनी केली. विरोधी पक्षांनी सभात्याग केला. शेवटी शिक्षणमंत्री विनोद तावडे स्वतः उठून अनुवादाच्या खोलीत गेले आणि त्यांनी मराठी मजकूर वाचायला घेतला. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सभागृहाची क्षमा मागितली. दुसरा दिवस २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन! ज्या राज्याच्या स्थापनेसाठी १०६ माणसांनी प्राण दिले, ज्या राज्याची राजभाषा मराठी, त्या राज्याच्या विधानभवनात मराठी सापडेना म्हणून मंत्र्याला धावावे लागले. यात कोणाचा उच्चार चुकला नव्हता, कोणी परक्या भाषेत धडपडत नव्हता. भाषा ज्यांची, व्यवस्था ज्यांची आणि दुर्लक्षही त्यांचेच. हा विनोद घराघरांत पोचायला हवा होता. चार दिवस वर्तमानपत्रांत गाजला आणि विरून गेला. त्याची म्हण झाली नाही. कारण त्यात नक्कल करण्याजोगे काही नव्हते. माणसाचे बोबडे बोल हास्यास्पद वाटतात, यंत्रणेचे मौन हास्यास्पद वाटत नाही.

आता थोडे घरचे. पुढाऱ्याला हसणे तसे स्वस्त आहे; तो कातडीने जाड असतो आणि त्याला पुन्हा मंत्रिपद मिळते. पण हीच सवय आपण घरात घेऊन येतो. इंदुरातल्या मराठी घरांत भाजी 'सुधारतात'. माळव्यातल्या हिंदीचा तो वाक्प्रचार आपल्या आज्यांनी मराठीत आणला, आणि पुण्याची सून आली की पहिल्या दिवशी विचारते, भाजीने असे काय वाईट वर्तन केले होते? दूध आपल्याकडे 'फाटते'. तिकडे ते नासते. आमच्या बालाघाटात मुले 'जाऊन राहिली', 'करून राहिली' असे बोलतात. नागपूरपासून इथपर्यंतचा हा सरळ चालू वर्तमानकाळ आहे आणि त्यात काही वावगे नाही. पण महाराष्ट्रातल्या एका शहरात शिकायला गेलेल्या आमच्या शेजारच्या मुलीने वसतिगृहात तोंड उघडले आणि चार जणी फिदीफिदी हसल्या. तिने त्यावर सोपा उपाय काढला. ती तिथे इंग्रजीत बोलू लागली. सुटीत घरी आली तेव्हा आजीशी हिंदीत बोलत होती. आजीला वाटले, पोरगी मोठी झाली.

उलट, कोणी हिंदी नेता महाराष्ट्रातल्या सभेत सुरुवातीला दोन वाक्ये मराठीत म्हणतो, त्यातले एक पाठ केलेले आणि एक चुकलेले, तेव्हा मंडप टाळ्यांनी दुमदुमतो. या टाळ्यांचे मला वाईट वाटत नाही. जो आपल्या भाषेकडे एक पाऊल टाकतो त्याचे स्वागत करावेच. माझा प्रश्न इतकाच, की परक्याच्या मोडक्या मराठीला टाळी आणि आपल्याच सरहद्दीवरच्या मुलाच्या वळणदार मराठीला हसू, हा कुठला हिशेब? त्या मुलाने पोवारी, हिंदी आणि मराठी अशा तीन भाषा एका जिभेवर खेळवल्या आहेत. पुण्याच्या मुलाने कधी हे केले आहे?

आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सवात दर वर्षी मुलांची वक्तृत्वस्पर्धा होते, मराठी आणि हिंदी अशी दोन्ही. परीक्षक म्हणून मला बसवतात. मागे एका वर्षी एक चुणचुणीत पोरगा लोकमान्य टिळकांवर बोलायला उभा राहिला. उत्साहाने सुरुवात झाली, आणि तिसऱ्याच वाक्यात त्याने टिळकांना "मंडालेच्या तुरुंगात ग्रंथ लिहून राहिले होते" असे केले. पुढच्या खुर्च्यांवर बसलेल्या मोठ्या माणसांत हशा पिकला. त्यांतले दोघे-तिघे पाहुणे होते, बाकीचे आमचेच. त्यांच्या घरी रोज हेच मराठी बोलले जाते. मुलगा थांबला. पुढचे त्याला पाठ होते, मी त्याच्या ओठांवर पाहत होतो, पण आवाज येईना. टिळकांना मंडालेतच सोडून तो खाली उतरला. पुढल्या वर्षी मराठी स्पर्धेला चार नावे आली आणि हिंदीला रांग लागली. त्या रांगेत तो होता.

यंदा समितीच्या बैठकीत मी दोन सूचना मांडल्या. पहिली, की गुणांच्या तक्त्यातून 'शुद्ध उच्चार' हा रकाना काढावा आणि त्याऐवजी 'काय सांगितले' असा रकाना घालावा. ती बऱ्याच खळखळीनंतर मान्य झाली. दुसरी अशी, की भाषण चालू असताना जो कोणी मुलाच्या बोलीला हसेल, त्याने व्यासपीठावर येऊन सर्वांसमक्ष दोन मिनिटे गोंडीत बोलावे. या सूचनेवर पुष्कळ वेळ चर्चा झाली. अध्यक्षांनी ती नोंदवून घेतली आहे. निर्णय अजून व्हायचा आहे.